गिअरपेटीच्या रबरी बैठका

तंजावर म्हटले की मराठी वाचकाला व्यंकोजी आणि सरफोजी राजांची आठवण होते. पापनाशम हे नाव मात्र त्याच्या कानांवरून फारसे गेलेले नसते. तंजावरहून कुंभकोणमला जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, अय्यमपेट्टैच्या पुढे, हे गाव लागते. याच नावाचे दुसरे एक गाव तिरुनेलवेलीकडे डोंगराच्या पायथ्याशी आहे. ते येथे अभिप्रेत नाही. तंजावर ते कुंभकोणम हे अंतर सगळे मिळून चाळीसेक किलोमीटर. परंतु हा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातला रस्ता आहे. नदीच्या शाखा आणि त्यांतून काढलेले पाट-कालवे ठिकठिकाणी आडवे येतात, त्यांवर लहान लहान पूल आहेत आणि एक गाव मागे पडते न पडते तोच दुसरे येते. हा मुलूख भाताचा. पापनाशमला लागूनच असलेल्या तिरुप्पालैत्तुरै येथील मंदिराच्या आवारात नायक राजांच्या काळातील विटांचे प्रचंड धान्यकोठार अजून उभे आहे, आणि कापणीच्या दिवसांत रस्त्यावर भात वाहणाऱ्या वाहनांची रीघ लागते. अशा रस्त्यावर मोटार वरच्या गिअरमध्ये फार वेळ सलग धावूच शकत नाही. पूल आला, वेग कमी करा, गिअर उतरवा, क्लच सोडा, पुन्हा वेग घ्या. मोटारीच्या ज्या भागाला या चढउताराची झळ सर्वांत आधी पोहोचते, तो भाग मोटारीच्या मालकाने बहुधा कधी पाहिलेलाही नसतो.

तो भाग म्हणजे गिअरपेटीची रबरी बैठक. गॅरेजमध्ये तिला कोणी ‘फाउंडेशन’ म्हणतात, कोणी ‘माउंटिंग’. पोलादाच्या दोन पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये चिकटवलेला रबराचा ठोकळा, एवढेच तिचे रूप. किंमत मोटारीच्या इतर भागांच्या मानाने किरकोळ. ती बिघडली की स्वतःविषयी काही सांगत नाही. इतरांवर आळ आणते. गाडी निघताना थरथरते, म्हणून क्लचची तबकडी बदलली जाते. गिअर अडकतो किंवा निसटतो, म्हणून गिअरपेटी उघडली जाते. वेग घेताना खालून ‘धाड्’ असा आवाज येतो, म्हणून प्रोपेलर शाफ्टचे सांधे नवे घातले जातात. खर्च होतो आणि तक्रार जागच्या जागी राहते. भाड्याने गाडी चालवून पोट भरणाऱ्याच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही. गाडी चार दिवस गॅरेजमध्ये उभी राहिली तर त्या चार दिवसांची कमाईही बुडते. म्हणून ही बैठक काय करते, ती का झिजते आणि ती बदलण्याची योग्य रीत कोणती, हे नीट समजून घेणे उपयोगाचे आहे.

दोन परस्परविरोधी कामे

इंजिन आणि गिअरपेटी ही एकमेकांना बोल्टांनी घट्ट जोडलेली असतात. बैठकींच्या दृष्टीने ती एकच वस्तू होय. ॲम्बॅसडरसारख्या गाडीत या जोडवस्तूचे वजन दीड-दोनशे किलो भरते. ते वजन तोलून धरणे हे बैठकींचे पहिले काम. दुसरे काम याच्या उलट आहे: इंजिनाला थोडे मोकळे हलू द्यावयाचे, म्हणजे त्याची कंपने सांगाड्यात व तेथून बसणाऱ्याच्या अंगात उतरणार नाहीत.

हे मोकळेपण किती असावे याचा हिशेब अवघड नाही. चार सिलिंडरांच्या, चार धावांच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला 800 फेरे घेत असेल तर स्फोट होतात 1600, म्हणजे सेकंदाला सुमारे 27. हा झाला इंजिनाने दिलेला ठोका. दुसरीकडे, रबरावर ठेवलेल्या कोणत्याही वजनाला स्वतःची अशी एक कंपनसंख्या असते. हाताने दाबून सोडले की ते तेवढ्याच गतीने झुलते. ही स्वाभाविक संख्या आणि बाहेरचा ठोका एकमेकांच्या जवळ आले की अनुस्पंदन होते आणि कंपन कमी होण्याऐवजी वाढते. ठोक्याची संख्या स्वाभाविक संख्येच्या सुमारे 1.4 पटींपेक्षा अधिक झाली तरच बैठकीचा लाभ होऊ लागतो.

समजा, नव्या बैठकींवर बसलेले इंजिन स्वभावतः सेकंदाला 10 वेळा झुलते. 27 च्या ठोक्यापैकी, रबरातील घर्षण वगळून हिशेब केला तर, जेमतेम सहावा हिस्सा सांगाड्यापर्यंत पोहोचतो. आता रबर दबून वरची पट्टी खालच्या पट्टीला टेकू लागली आणि स्वाभाविक संख्या 20 झाली असे धरू. तोच हिशेब केला तर सांगाड्यात उतरणारे कंपन मूळ ठोक्याच्या सव्वापट निघते. इंजिन तेच, ठोका तोच. पण पूर्वी ज्याचा मागमूस नव्हता ते कंपन आता आरशात दिसते, दारांच्या काचांत वाजते. चालक म्हणतो, इंजिनाचे ट्यूनिंग बिघडले.

प्रारंभीच्या मोटारींत इंजिन सांगाड्याला थेट बोल्टांनी आवळलेले असे. चार सिलिंडरांच्या गाडीत बसणाऱ्यास तेव्हा इंजिनाचा प्रत्येक ठोका जाणवत असला पाहिजे. या बाबतीत मोठा पालट घडवला तो अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने. 1931 मध्ये तिने आपल्या प्लिमथ गाडीत ‘फ्लोटिंग पॉवर’ नावाची रचना आणली. तीत इंजिनाला पुढे उंचावर आणि मागे गिअरपेटीपाशी खाली अशा दोन ठिकाणी रबरावर टेकवले होते. या दोन टेकूंना जोडणारी काल्पनिक रेषा इंजिन-गिअरपेटीच्या गुरुत्वमध्यातून जाई. त्यामुळे इंजिन स्वतःच्या नैसर्गिक आसाभोवती डोलू शके आणि सांगाड्याला मात्र ते जाणवत नसे. पुढच्याच वर्षी फ्रान्समधील सित्रोएन कंपनीने ही रचना परवान्याने घेतली आणि तिच्या जाहिरातीसाठी पोहणाऱ्या राजहंसाचे चित्र वापरले. चित्र समर्पक होते असे म्हणावयास हरकत नाही. वरून शांत दिसणाऱ्या हंसाचे पाय पाण्याखाली चालूच असतात.

पिळाचा हिशेब

वजन तोलणे आणि कंपन गिळणे यांखेरीज बैठकीला तिसरे एक काम असते आणि झिजण्याचे खरे कारण त्यात आहे. गिअरपेटी चाकांकडे जितका पीळ पाठवते तितकाच उलट दिशेचा पीळ तिला स्वतःला सोसावा लागतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचा हा रोजचा प्रत्यय होय. बैठका नसत्या तर क्लच सोडताच चाके फिरण्याऐवजी इंजिनच उलटे फिरले असते.

ॲम्बॅसडर ही मागची चाके चालवणारी गाडी. हिंदुस्तान मोटर्सच्या उत्तरपाडा येथील कारखान्यात तिचे उत्पादन 1958 पासून 2014 पर्यंत झाले. अशा गाडीत इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेले असते. इंजिनाचा पीळ 10 किलोग्रॅम-मीटर आणि पहिल्या गिअरचे प्रमाण 3.8 धरले तर गिअरपेटीतून बाहेर पडणारा पीळ 38 किलोग्रॅम-मीटर होतो, आणि तेवढाच उलटा पीळ बैठकींवर येतो. वरच्या गिअरमध्ये तो फक्त 10 असतो. पुलापुलापाशी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर यावे लागणाऱ्या गाडीच्या बैठका हमरस्त्यावर सलग धावणाऱ्या गाडीपेक्षा लवकर का संपतात, हे या दोन आकड्यांवरून दिसते. पुढे मागच्या आसापाशी पीळ आणखी चौपटीहून अधिक वाढतो. परंतु त्याचा उलटा जोर आसाला धरून ठेवणाऱ्या पाट्यांच्या स्प्रिंगांवर जातो, बैठकींवर नाही.

पुढची चाके चालवणाऱ्या गाडीत नेमके येथेच चित्र पालटते. भारतात असा प्रकार सर्वत्र रूढ केला तो डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती 800 या गाडीने. तिचे इंजिन आडवे बसवलेले, अवघे तीन सिलिंडरांचे. पण शेवटचे दंतचक्रही गिअरपेटीच्याच पोटात असल्यामुळे चाकांवर पडणाऱ्या सगळ्या पिळाचा उलटा जोर बैठकींवर येतो. इंजिनाचा पीळ 6 किलोग्रॅम-मीटर, पहिल्या गिअरचे प्रमाण 3.6 आणि शेवटच्या दंतचक्राचे 4.3 धरून गुणाकार करावा. उत्तर 93 च्या जवळपास येते. म्हणजे आकाराने निम्म्या असलेल्या इंजिनाच्या बैठकींना मोठ्या गाडीच्या सुमारे अडीचपट पीळ थोपवावा लागतो. शिवाय तीन सिलिंडरांच्या इंजिनाचा ठोका संथ असतो, मिनिटाला 900 फेऱ्यांना सेकंदाला 22-23 च. म्हणून त्याच्या बैठका मऊही हव्यात. मऊ हव्यात आणि अडीचपट जोरही सोसावा, या पेचातून वाट काढण्यासाठी बहुतेक आडव्या इंजिनांना खाली किंवा वर एक वेगळा दांडा देतात. त्याच्या टोकांना रबरी बुश असतात आणि तो वजन मुळीच पेलत नाही; फक्त इंजिनाचे डोलणे आवरतो. गॅरेजमध्ये ‘टॉर्क रॉड’ म्हणतात तो हाच. लहान गाडीच्या बैठकीकडे कमी लक्ष दिले तरी चालते, ही समजूत म्हणूनच उलटी आहे.

रबर कसे मरते

1839 मध्ये चार्ल्स गुडइयरला रबर आणि गंधक एकत्र तापवण्याची क्रिया सापडली नसती, तर या कामाला रबर कधीच उपयोगी पडले नसते. कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत ताठरते. गंधकाने पक्के केलेले नैसर्गिक रबर मात्र लक्षावधी वेळा ताणले आणि दाबले तरी मूळ आकारावर येते; बैठकीसाठी कृत्रिम रबरांच्या तुलनेत आजही त्याला पसंती मिळते ती या चिवटपणामुळे. केरळात आणि कन्याकुमारी जिल्ह्यात त्याचे मळे आहेत, तेव्हा तमिळनाडूच्या वाचकाला हा पदार्थ परका नाही.

रबराचा एक गुण सर्वसामान्य माणसाच्या लक्षात येत नाही. ते दबते, पण त्याचे आकारमान घटत नाही; वरून दाबले की ते बाजूंनी फुगते. फुगण्यास जागा नसेल तर ते दगडासारखे वागते. तसेच, सरळ दाबले असता ते बरेच ताठ असते आणि कातरीच्या दिशेने, म्हणजे एक पट्टी दुसरीवरून सरकवली असता, बरेच मऊ. या फरकाचा उपयोग करून रचनाकार काही बैठका तिरप्या बसवतो, म्हणजे एका दिशेने टेकू मिळतो आणि दुसऱ्या दिशेने मोकळीक. तिरपी बैठक सरळ बसवण्याचा किंवा उलटी लावण्याचा प्रयत्न केला तर सगळा बेत फिसकटतो, हे येथेच सांगून ठेवतो.

या रबराचे शत्रू तीन. पहिला उष्णता. धुराची नळी बैठकीच्या जवळून जात असेल तर त्या बाजूचे रबर आधी कडक होते, मग भेगाळते. दुसरा हवेतील ओझोन. त्याने ताणलेल्या रबरावर ताणाच्या आडव्या दिशेने बारीक चिरा पडतात. या चिरा वरवरच्या असतील तोवर घाबरण्याचे कारण नाही. तिसरा शत्रू खनिज तेल, आणि माझ्या मते भारतीय गाड्यांत त्याचाच उपद्रव सर्वांत मोठा. नैसर्गिक रबर तेल शोषते, फुगते, लिबलिबीत होते आणि पट्टीपासून सुटू लागते. गिअरपेटीच्या मागच्या टोकाची तेलसील गळत असते, तेल थेंबाथेंबाने खाली उतरते आणि बरोबर बैठकीवर पडते. अशा ठिकाणी गळती न थांबवता नवी बैठक घालणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. तेलाने न बिघडणारे नायट्राइल नावाचे कृत्रिम रबर आहे, पण वारंवार ताण सोसण्यात ते नैसर्गिक रबराची बरोबरी करीत नाही. त्यामुळे तेल आवरणे हाच खरा इलाज.

पुष्कळदा रबर शाबूत असते आणि त्याचा पोलादाशी असलेला जोड सुटतो. हा जोड कारखान्यात विशिष्ट रसायने लावून, उष्णता आणि दाब देऊन केलेला असतो. बाजारातल्या कोणत्याही डिंकाने तो पुन्हा जोडता येत नाही. जुन्या टायरचा तुकडा कापून मध्ये सारण्याची तजवीज रस्त्यात गाडी बंद पडली असता घर गाठण्यापुरती क्षम्य आहे. तीच दुरुस्ती म्हणून ठेवली तर इंजिनाला वर उचलले जाण्यापासून रोखणारे काहीच उरत नाही, कारण तुकडा दाब सोसतो, ओढ सोसत नाही.

ओळखावे कसे

पहिली खूण ऐकण्याची. गाडी उभी असताना पहिला गिअर टाकून क्लच सोडावा, थोडे पुढे जावे, मग उलटा गिअर टाकून मागे यावे. दिशा पालटताना दर वेळी एकच जड आघात ऐकू येत असेल तर बैठकीचा संशय घ्यावा. हाच आवाज प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यातूनही येतो. म्हणून उभ्या, बंद गाडीखाली शाफ्ट हाताने धरून उलटसुलट पिळून पाहावा. सांधा झिजला असेल तर दोन अर्धुके एकमेकांत सैल हलताना दिसतात. ती घट्ट असतील तर दोष दुसरीकडे आहे.

दुसरी खूण गिअरच्या दांड्याची. सुकाणूच्या खांबावर गिअरचा दांडा असलेल्या जुन्या ॲम्बॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनीमध्ये दांडा गाडीच्या अंगाला जोडलेला असतो आणि गिअरपेटी बैठकींवर डोलत असते. दोहोंना जोडणाऱ्या सळया मध्ये. बैठक खाली बसली की गिअरपेटीही खाली बसते, सळयांची मापे चुकतात आणि विशिष्ट गिअर पूर्ण बसत नाही. पुष्कळ कारागीर अशा वेळी सळया आटवून-सैल करून माप जुळवतात. पुढे कधी नवी बैठक पडली की हे जुळवलेले माप पुन्हा चुकते, आणि मग नव्या बैठकीलाच नावे ठेवली जातात.

तिसरी परीक्षा डोळ्यांची. बॉनेट उघडावे, हातब्रेक घट्ट ओढावा. एकाने आत बसून पायब्रेक पूर्ण दाबावा, पहिला गिअर टाकून क्लच अगदी किंचित, इंजिन जड होऊ लागेपर्यंत सोडावा आणि लगेच दाबावा. दुसऱ्याने बाजूला उभे राहून इंजिन किती उचलते ते पाहावे. गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही उभे राहू नये. ब्रेक निसटला तर पळण्यास वेळ मिळत नाही. मग हेच उलट्या गिअरमध्ये करावे. इंजिन थोडे डोलणारच. ते एका बाजूने सुटल्यासारखे उचलले जाऊन पुन्हा आपटत असेल, तर त्या बाजूची बैठक फाटली आहे. शेवटी, इंजिन बंद करून, बैठक आणि तिच्या कंसामध्ये एक मजबूत दांडा घालून हलके उचकटावे. रबर आणि पोलाद यांच्यामध्ये फट उघडली की निदान पक्के झाले. वरून पाहता अखंड दिसणारी बैठक या परीक्षेत उघडी पडते.

या दोषाकडे केवळ गैरसोय म्हणून पाहणे धोक्याचे आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सला डिसेंबर 1971 मध्ये, 1965 पासूनच्या काही वर्षांत बनलेल्या सुमारे 67 लाख शेवरोले गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कारण इंजिनाची बैठक. रबराचा जोड सुटला की जोराने वेग घेताना इंजिन एका अंगाने उचलले जाई, त्या उचलण्याने ॲक्सिलरेटरची जोडणी ओढली जाई आणि इंधनाचे दार उघडेच राही. चालकाने पाय काढला तरी वेग वाढत जाणार, अशी ती अवस्था. बैठका नव्या घालण्याऐवजी कंपनीने इंजिनाला आवर घालणारी तारेची दोरी बसवून दिली. ज्या गाडीत ॲक्सिलरेटर दांड्यांनी किंवा तारेने जोडलेला आहे, अशा कोणत्याही गाडीत हा प्रकार लहान प्रमाणावर घडू शकतो: क्लच सोडला, इंजिन उचलले, दार थोडे अधिक उघडले, पीळ वाढला, इंजिन आणखी उचलले, मग आपटले आणि दार मिटले. गाडी बेडकासारख्या उड्या मारीत निघते. चालकाच्या पायाला दोष दिला जातो तो याच वेळी. आजच्या गाड्यांत ॲक्सिलरेटरपासून इंजिनापर्यंत विजेची तार असते, तेव्हा हा विशिष्ट धोका उरलेला नाही. नळ्या, वायरी आणि चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टांचे सांधे मात्र पूर्वीप्रमाणेच ओढले जातात.

बदलण्याची रीत

प्रथम गाडीच्या मागच्या बैठकीचा, म्हणजे लांबीच्या दिशेने बसवलेल्या गिअरपेटीचा विचार करू. हे काम इंजिन पूर्ण थंड असताना करावे. गाडी सपाट, टणक जागी उभी करावी. पावसाळ्यात कावेरीकाठची माती फार लवकर मऊ होते. तिच्यावर लावलेला जॅक एका अंगाला खचतो, म्हणून गॅरेजचे अंगण मातीचे असेल तर जॅकखाली जाड फळी घालावी. चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत आणि गाडी उचलल्यावर तिला मजबूत घोड्यांवर बसवावे. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही, शिरू नये. बॅटरीची एक तार सोडवून ठेवावी. गंजलेल्या नटांना आदल्या रात्रीच तेल सोडले तर सकाळी पाना घसरत नाही. हे तेल रबरावर सांडू देऊ नये.

आता दुसरा जॅक गिअरपेटीखाली, मध्ये लाकडी ठोकळा घालून लावावा. बैठकीवरचे वजन निघेल इतकेच उचलावे, त्याहून अधिक नाही. आडव्या तुळईची मूळ जागा खडूने आखून ठेवावी, नंतर ती सोडवावी. येथे घाई करणाऱ्यांच्या हातून एक गोष्ट नेहमी विसरली जाते. गिअरपेटीचे शेपूट वरखाली झाले की इंजिनाचे पुढचे टोकही हलते. पंखा रेडिएटरला लागतो, पाण्याची रबरी नळी ताणते, मागचा भाग आडव्या भिंतीला टेकतो, धुराच्या नळीचा जोड पिळला जातो. म्हणून एकाने वर पाहत राहावे आणि दुसऱ्याने खाली जॅक हलवावा. दोन्ही टोकांच्या बैठका एकाच वेळी कधीही सोडू नयेत.

जुनी बैठक निघाली की कंसाची भोके तपासावीत. बराच काळ सैल बैठकीवर चाललेल्या गाडीत ती लांबट झालेली असतात आणि मग नवी बैठकही सरकत राहते. तेलाचा मागोवा घेऊन गळती बंद करावी. नवी बैठक जुनीशेजारी ठेवून उंची, भोकांचे अंतर आणि वरची बाजू ताडून पाहावी. नकली माल पुष्कळ मिळतो. नखाने खरवडले असता रबराचा भुगा पडत असेल किंवा पट्टीच्या कडेला जोड उकललेला दिसत असेल तर ती घेऊ नये. वर्षानुवर्षे दुकानाच्या फळीवर पडून असलेली बैठकही नवी नव्हे. अधिक टिकेल म्हणून मुद्दाम फार कडक बैठक घालण्याची काहींना हौस असते. शर्यतीच्या गाडीत ते ठीक आहे; रोजच्या गाडीत सगळे कंपन सांगाड्यात उतरते आणि पुढे कंसांना तडे जातात.

बोल्ट प्रथम हातानेच लावावेत. सगळे बोल्ट जागी गेले की जॅक सोडून वजन बैठकीवर येऊ द्यावे. इंजिनाला हाताने दोन्ही अंगांना डोलवावे म्हणजे ते आपल्या नैसर्गिक जागी बसते. त्यानंतरच, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने, नट आवळावेत. गाडी वाकडी असताना किंवा वजन जॅकवर असतानाच नट आवळले तर रबर जन्मतःच पिळलेले राहते. त्याची अर्धी सोशिकता तेथेच खर्च होते आणि नवी बैठक घातली तरी कंपन गेले नाही ही तक्रार उभी राहते. माझ्या समजुतीप्रमाणे नव्या बैठकीविषयीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ मालाच्या दोषापेक्षा या एका चुकीत असते. धुराच्या नळीची पकडही याच वेळी सैल करून पुन्हा बसवावी. ती इंजिनाला एका बाजूस ओढून धरीत असेल तर बैठका कितीही चांगल्या असोत, कंपन त्या नळीवाटे सांगाड्यात जाते.

एक बैठक फाटली असेल तर इतरही पाहाव्यात. फाटलेलीचा भार त्यांनी वाहिलेला असतो. जोडीतली एकच बदलली तर नवी उंच आणि जुनी दबलेली अशी विषमता राहते, म्हणून जोडी एकत्र बदलणेच शेवटी स्वस्त पडते. आडव्या इंजिनाच्या गाडीत एक बैठक सोडली की त्या बाजूचे इंजिन एकदम खाली येते व चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचा आतला सांधा ओढला जातो. तेथे आधी जॅकचा आधार, मग पाना, हा क्रम मोडू नये. टॉर्क रॉडचे बुश सर्वांत शेवटी, इंजिन आपल्या जागी स्थिर झाल्यावर आवळावेत. अलीकडच्या अनेक गाड्यांत रबराच्या पोटात द्रव भरलेल्या बैठका असतात. त्यांच्याखाली काळपट ओल दिसली की द्रव निघून गेला असे समजावे. रबर वरून धडधाकट असले तरी ती बैठक निकामी झालेली असते. विजेवर चालणाऱ्या गाडीत उभ्या इंजिनाची थरथर नाही, पण मोटरचा पूर्ण पीळ पहिल्या क्षणापासून येतो, म्हणून बैठका तिलाही आहेतच.

नवी बैठक पडल्यावर गिअरपेटी आपल्या मूळ उंचीवर परत येते. तेव्हा गिअरच्या सळयांचे माप आणि क्लचच्या पायदांड्याची मोकळी हालचाल नव्याने जुळवून घ्यावी, पंखा आणि रेडिएटर यांमधील अंतर एकदा पाहावे. नवे रबर पहिल्या काही दिवसांत थोडे दबते. पाचशे किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा एकदा पान्याने तपासावेत.